आफ्रिकेच्या भुंगेऱ्यांना नावं ठेवताना

आमच्या माडीवरच्या खोलीचं दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. नवा माणूस म्हणतो, "लय कपडे दिसतात तुमच्याकडे." मग त्याला भिंतीला लावलेल्या लाकडी पेट्या दिसतात. मी एखादीचं झाकण उघडते. आत टाचण्यांवर ओळीनं उभे असलेले ज्वारीच्या दाण्याएवढे भुंगेरे पाहून तो माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. हे चावतात का? आणि यातून मिळतं काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मेलेले आहेत, चावत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर देता देता माझी सगळी नोकरी सरली आणि निवृत्तीचीही बरीच वर्षं चालली.

मी चिखलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. राहायला उंद्रीत, जाणं-येणं यष्टीनं. आमचे हे, वसंतराव, भाजीपाल्याची शेती करतात. काकडी, दोडकी, कारली, थोडं टमाटर. काकडीच्या रोपाला दोन पानं फुटली न फुटली की लाल भुंगेरा येतो आणि पानाची चाळणी करून टाकतो. मी लग्न होऊन आले तेव्हा हे त्या भुंगेऱ्यांवर राख उधळत होते आणि मी तेच भुंगेरे बाटलीत भरून कॉलेजात नेत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगत, "दोघंई भुंगेऱ्याच्याच मांगं हायेत. एक मारते, एक नावं ठेवते."

नावं ठेवणं हाच माझा धंदा. माणसांना नाही, तो वेळ उरला नाही. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक अवाढव्य कुळ आहे, काकडीवरचा लाल भुंगेरा त्यातलाच. त्याच कुळातल्या बारीक, पिवळ्या-काळ्या भुंगेऱ्यांवर मी पीएच.डी. केली. आपल्याकडच्या जातींची सोयरीक शोधत गेलं की माणूस आफ्रिकेत पोचतो, कारण यांचा मोठा गोतावळा तिकडे आहे. युरोपातल्या एका संग्रहालयात या गटाचे एक जाणते अभ्यासक होते. बंगलोरच्या एका परिषदेत त्यांनी मी काढलेली चित्रं पाहिली. त्यांचे हात वयानं कापायला लागले होते, आणि या कामात हात कापून भागत नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे आफ्रिकेच्या पेट्या पडून आहेत. पाठवल्या तर पाहाल का?"

पेट्या म्हणजे कुणी कुणी आफ्रिकेतल्या जंगलांतून गोळा केलेले, टाचणीला लावून खाली जागेची चिठ्ठी जोडलेले, आणि मग पुढे कुणी ढुंकूनही न पाहिलेले भुंगेरे. लोकांना वाटतं की नवी जात जंगलात सापडते. बहुतेक वेळा ती अशा पेटीत सापडते. जंगलातल्या माणसानं तिला केव्हाच पकडलेलं असतं. फक्त ती नवी आहे हे त्याला ठाऊक नसतं.

पहिली पेटी आली तेव्हा पोस्टातून निरोप आला, मॅडमनं स्वतः यावं. पोस्टमास्तरांनी पार्सल आत ठेवलंच नव्हतं, बाहेर ओट्यावर ठेवलं होतं.

"मॅडम, याच्यावर मेलेले कीडे असं लिहेल हाय."

"हो, मेलेलेच आहेत."

"पक्के मेलेले?"

"त्यातले काही माझ्या जन्माआधी मेलेत."

त्यांनी जरा विचार केला. "मंग इतक्या दुरून काऊन धाडले? आपल्याकडचे मरत नाईत का?"

मी सही केली आणि पेटी मांडीवर घेऊन यष्टीत बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "अंडे हायेत का?" मी हो म्हटलं. तेवढंच सोपं होतं.

अशी गमतीची गिऱ्हाईकं पुढेही आली. एकदा धामणगाव बढ्याहून एक कार्यकर्ते आले. मी किड्यांना माणसांची नावं देते असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांच्या नेत्याचा वाढदिवस जवळ आला होता. "सायबाच्या नावानं एक किडा होऊन जाऊ द्या. चांगला पाहून द्या, चमकणारा."

मी त्यांना चहा दिला आणि समजावलं, "दादा, एकदा नाव दिलं की ते काढता येत नाही. उद्या हाच किडा सोयाबीनवर पडला, तर खात्याचे लोक गावोगाव सायबाचंच नाव घेऊन सांगतील, की यानं पीक खाल्लं, याच्यावर फवारा मारा."

त्यांनी चहा संपवला. जाताना म्हणाले, "राहू द्या. आम्ही फळवाटप करतो."

पण मला सांगायचंय ते ग्रेसबद्दल.

मी निवृत्त झाले आणि ते युरोपातले अभ्यासक पूर्ण थकले. त्यांनी काम थांबवताना केनियातल्या एका तरुण प्राध्यापिकेला माझा पत्ता दिला. ग्रेस तिचं नाव, तिशी नुकतीच ओलांडलेली. तिला स्वतः पकडलेल्या भुंगेऱ्यांचं काम माझ्याजवळ बसून करायचं होतं, आणि त्यासाठी तिला तीन महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाली होती. मी लिहिलं, की माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, माडी आहे. वीज जाते. तिनं उत्तर दिलं, आमच्याकडेही जाते.

संक्रांतीनंतर ती आली. हे तिला घ्यायला औरंगाबादच्या विमानतळावर गेले होते. गाडीतून उतरली ती उंच, डोक्यावर बारीक वेण्या आणि छातीशी धरलेली पेटी. प्रवासात तिनं पेटी हातातून सोडली नव्हती. ते पाहूनच माझं तिच्याशी जमणार हे मला कळलं.

आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. ग्रेस त्यांच्यापुढे वाकली आणि आदरानं म्हणाली, "बीबी."

आत्याबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. "अवं सुमन, हिले कोनं सांगतलं मी बीबीची हाव म्हून?"

आत्याबाईंचं माहेर लोणार तालुक्यातलं बीबी. आणि ग्रेसच्या स्वाहिली भाषेत आजीला बीबी म्हणतात. मी दोन्हीकडे उलगडा करून सांगितला, पण आत्याबाईंना तो फारसा पटला नाही. परदेशी पोरीनं आपल्या माहेराचं नाव घेतलं यावर त्या खूश होत्या, आणि खूशच राहिल्या.

पुढं त्या दोघींनी आपली एक भाषाच तयार केली. स्वाहिलीत चहाला चाय, औषधाला दावा, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, वेळेला वकाती. आपल्या वऱ्हाडीत दवा आहे, साबून आहे, वखत आहे. अरबस्तानातून आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून कुठले शब्द कुठं पोचले असतील ते असोत, आमच्या ओसरीवर त्यांची भेट झाली. "बीबी, चाय?" "हाव, आन. वखत झाला." अशी त्यांची संध्याकाळ सुरू व्हायची. भाकर तिला लगेच आवडली, ठेच्यानं मात्र पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं तोच पुन्हा मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी तिनं माडीवर पेटी उघडली आणि खरी गोष्ट सांगितली.

तिच्या गावामागं एक डोंगर आहे. माथ्यावर जुनं जंगल, आणि त्यातून एक झरा निघतो. तिथल्या दगडाच्या खाणीसाठी एका कंपनीनं अर्ज केला होता. गावकऱ्यांनी हरकत घेतली होती, आणि तिकडच्या सरकारी समितीपुढं हा विषय चालू होता. दुसरीकडं कुठेही नसलेला जीव त्या जंगलात आहे असं दाखवता आलं, तर हरकतीला वजन येणार होतं. ग्रेस लहानपणापासून त्या जंगलात फिरलेली. तिनं तिथून आमच्या गटातले भुंगेरे भरपूर गोळा केले होते. तिच्या मते त्यांत तीन नव्या जाती होत्या. एक फिकट पिवळी, एक पिवळ्यावर काळे पट्टे असलेली आणि एक जवळजवळ काळी. तिन्हींची नावंही ठरली होती. एक आजीचं, एक आईचं, एक डोंगराचं.

"सुंदर आहेत," मी म्हटलं. आणि सुई हातात घेतली. कारण या गटात रंगावर जाणारा माणूस फसतो.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमचे भुंगेरे बाहेरून फार फसवे असतात. एकाच आईची पोरं गोरी, सावळी निघावीत तसे एकाच जातीचे भुंगेरे पिवळे, पट्ट्यांचे, काळे निघतात. उलट, अगदी सारखे दिसणारे दोन भुंगेरे दोन वेगळ्या जातींचे असू शकतात. खरा पुरावा नराच्या पोटात असतो. प्रजननाचा तो अवयव कडक असतो, तिळापेक्षाही लहान, आणि प्रत्येक जातीत त्याची घडण वेगळी. कोरडा भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करायचा, सुईनं पोट अलगद काढायचं, पोटॅशच्या पाण्यात ठेवून मांस विरघळू द्यायचं. मग जे कडक उरतं ते ग्लिसरिनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली. श्वास जोरात सोडला तरी घोटाळा होतो.

आम्ही प्रत्येक रंगातले थोडे थोडे नर निवडले. ग्रेसचा हात चांगला होता. पिवळ्याचं चित्र तिनं काढलं, पट्टेवाल्याचं मी, काळ्याचं पुन्हा तिनं. दुपारी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

तिन्ही चित्रं एकच होती. टोकाला तीच आकडी, मध्ये तोच बाक.

ग्रेस बराच वेळ कागद हलवत राहिली, जणू जागा बदलल्यानं आकार बदलतील. मग म्हणाली, "पिवळ्यात आणि पट्टेवाल्यात मुळाशी थोडा फरक आहे."

"तो फरक माझ्या आणि तुझ्या पेन्सिलीतला आहे."

ती उठून खिडकीशी गेली. "मॅडम, तीन लिहूया. रंग तर वेगळे आहेतच. अशा रंगांवर जाती लिहिलेल्या आहेत लोकांनी. दहा वर्षांनी कुणीतरी त्या एक करेल, करू दे. तोवर समितीचा निर्णय होऊन जाईल. डोंगर राहील."

खरं सांगायचं तर तिचा मुद्दा खोटा नव्हता. एक वाईट कागद आणि एक वाचलेलं जंगल, यात कुणीही जंगलच घेईल. मी माझ्या समोरच्या भुंगेऱ्याकडे पाहत बसले. अशी रंगांवर लिहिलेली नावं निस्तरण्यातच माझी कित्येक वर्षं गेली होती. एका जुन्या युरोपीय अभ्यासकानं एकाच जातीला इतकी नावं दिली होती की ती मोडून काढायला माझ्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुरल्या नाहीत. पण ते तिला सांगून काय होणार होतं?

"ग्रेस, खाणवाल्यांकडे वकील असेल," मी शेवटी म्हटलं. "तो एक जाणकार शोधेल. तो जाणकार हीच सुई घेईल आणि एका दुपारी हेच पाहील. मग समितीला काय वाटेल? गावकऱ्यांचं बाकीचं म्हणणंही असंच असेल, असं वाटेल. झऱ्याचंसुद्धा."

"तुम्हाला बोलणं सोपं आहे," ती म्हणाली. "तुमचा डोंगर नाही."

हे खरं होतं. ती खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माडीवर आली नाही. सकाळी ह्यांच्यामागं शेतात गेली. उन्हाळी काकडी नुकतीच दोन पानांवर आली होती आणि तिच्यावर लाल भुंगेरे पडले होते. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेचायचे, असा ह्यांचा जुना रिवाज. ह्यांना इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नाही आणि ग्रेसला मराठी येत नव्हती. दोघं वाफ्यांतून वाकून चालत होते आणि भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकत होते. बांधावरून मला त्यांची पाठ दिसत होती. ह्यांनी एकदा सरळ होऊन तिला हाक मारली.

"पोरी, खालून पाह्य, खालून! पानाच्या खाली लपते थो."

तिला शब्द कळले नसतील, पण ती पानं उलटायला लागली.

ऊन चढल्यावर ती परत आली. हात चिखलानं भरलेले, ओढणीवर हिरवे डाग. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "काल जेवली नाई बराबर. काय झालं तुमचं?"

"तिला तीन पोरं वाटत होती, आत्याबाई. एकच निघालं."

"मंग एक तं हाय ना?"

मी ते ग्रेसला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. तिनं हात धुतले, भाकर खाल्ली, माझ्यामागं जिना चढली आणि पेटीपुढं बसली.

"सगळे नर उघडायचे," ती म्हणाली. "एकूण एक. दोन नावं जाणारच असतील तर ती नीट तपासून जाऊ देत."

इतके नर उघडायचे म्हणजे आठवड्यांचं काम. इतके कुणी उघडत नाही, मीसुद्धा कधी उघडले नव्हते. नमुन्यादाखल काही पाहायचे आणि पुढं जायचं, असंच चालतं. पण तिचा चेहरा पाहून मी दुसरी सुई काढली.

मग आमचा एक ठेका बसला. सकाळी उजेड चांगला असताना सुईचं काम, दुपारी वीज असली तर चित्रं, नसली तर ओसरीवर गप्पा. आत्याबाई खालून विचारत, "आज कितीकाचं पोट फाडलं?" आणि आम्ही वरून आकडा सांगत असू. आकडा वाढत होता, अवयव तोच निघत होता. तीच आकडी, तोच बाक.

एका सकाळी मी पट्टेवाल्यांतला एक नर उघडला. बाहेरून इतरांसारखाच. ग्लिसरिनमध्ये अवयव सरळ केला आणि भिंग फिरवलं. टोकाला आकडी नव्हती. टोक दुभंगलेलं होतं, गुरांच्या फाटलेल्या खुरासारखं.

माझा स्वतःवर विश्वास बसेना. कधी अवयव मोडतो, कधी धूळ चिकटते. मी सुईनं तो उलटा केला. दुसऱ्या बाजूनंही तेच.

"ग्रेस, इकडे ये. काही बोलू नकोस, नुसतं पाहा."

तिनं पाहिलं. डोळा भिंगावरून न काढता तिनं एका हातानं माझं मनगट पकडलं.

"चिठ्ठी," ती म्हणाली. "चिठ्ठीवर काय आहे?"

टाचणीखालच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, झऱ्याची बाजू. मग आम्ही झऱ्याच्या बाजूचे सगळे पट्टेवाले वेगळे काढले. त्यातल्या नरांमध्ये दुभंगलेल्या टोकाचे आणखी निघाले. डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या एकातही ते टोक नव्हतं. रंगावर गेलो असतो तर हे भुंगेरे आकडीवाल्यांच्याच रांगेत कायमचे उभे राहिले असते. ज्यांना आम्ही तीन समजत होतो ते एक होते, आणि त्या एकात दुसरा लपून बसला होता.

पण लगेच पेढे वाटायचे नसतात. शंभरेक वर्षांपूर्वी त्याच भागातून एका मादीवरून एक जात लिहिलेली होती. तेव्हा पोट उघडून पाहायची पद्धत नव्हती. ती मूळ मादी युरोपातल्या एका संग्रहालयात टाचणीवर आहे. आमच्या दोघांतला कोणता तरी एक तीच जुनी जात असण्याची शक्यता होती. दुभंगलेल्या टोकाचाच जुना निघाला तर आमच्या हातात नवं काहीच उरत नव्हतं. माद्यांच्या पोटातही एक बारीक कडक पिशवी असते, स्वल्पविरामाच्या आकाराची. झऱ्याजवळच्या काही माद्यांत तिचं शेपूट वळलेलं होतं, त्या दुभंगलेल्या टोकाच्या नरांच्या जातीतल्या असणार; बाकी सगळीकडे सरळ. त्या जुन्या मादीचं पोट उघडून फोटो पाठवावा अशी आम्ही तिथल्या सांभाळकर्त्या बाईंना विनंती केली. इतका जुना नमुना उघडायचा म्हणजे त्यांनाही वर परवानगी मागावी लागली.

ते दिवस आम्हाला दोघींना फार लांब गेले. ग्रेस आत्याबाईंकडून ज्वारीच्या पिठाचे पापड लाटायला शिकली. ते वाळेपर्यंत चिमण्या हाकलत ओट्यावर बसायची आणि मांडीवर मोबाईल ठेवायची. तोवर समितीची तारीख जवळ येत चालली होती, आणि तिचा परतीचा दिवसही.

फोटो आला तेव्हा ती ओट्यावरच होती. मी खोलीतून तिची हाक ऐकली. हाक कसली, किंकाळीच. मी जिना उतरून येईपर्यंत ती आत्याबाईंना मिठी मारून बसली होती आणि आत्याबाई म्हणत होत्या, "काय झालं माय? कोनी गेलं का?"

जुन्या मादीच्या पिशवीचं शेपूट सरळ होतं. म्हणजे आकडीवाल्यांना, पिवळे असोत, पट्ट्यांचे असोत की काळे, शंभर वर्षांपासून नाव होतं. झऱ्याजवळच्याला नव्हतं.

वर्णन आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. लांबी, रंग, पाठीवरचे ठिपके, पायांचे सांधे, त्या दुभंगलेल्या टोकाची चार बाजूंनी चित्रं. नाव ठेवायचा मान पकडणारीचा. पण तिच्याजवळ नावं तीन होती आणि भुंगेरा एक. ती अडली. आई, आजी की डोंगर? रात्रीच्या जेवणाला तिनं हा प्रश्न सगळ्यांपुढं मांडला आणि मी तो मराठीत सांगितला.

हे म्हणाले, "डोंगराचं ठेव म्हना. कामाले येईन."

आत्याबाईंनी विचारलं, "हिची आजी हाय का?"

"आहे. तुमच्याच वयाची."

"मंग तिचंच ठेव. गेल्यावर ठेवून तिले काय समजनार हाय?"

ग्रेसनं आजीचं नाव ठेवलं.

ती गेली तेव्हा आत्याबाईंनी तिला पापडांचा डबा दिला. तिनं भुंगेऱ्यांची पेटी पुन्हा छातीशी धरली आणि डबा ह्यांच्याकडं दिला, गाडीत ठेवायला. निघताना माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी मी म्हटलं होतं, तुमचा डोंगर नाही. ते मागं घेते." मी तिला म्हटलं, मागं घेण्यासारखं काही नव्हतं.

निबंध छापून आला. समितीपुढं गावकऱ्यांनी तो दिला. खाणवाल्यांच्या बाजूनं एक जाणकार खरोखरच आला होता, आणि त्यानं नमुने मागवून तपासले. ग्रेसनं मला फोनवर सांगितलं, "त्यानं भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. बस, तेवढंच." निर्णय पूर्ण आमच्या मनासारखा लागला नाही. डोंगराची पूर्वेची उतरण खाणीला गेली. तिथले वृक्ष तोडले गेले, आणि तिथल्या ज्या भुंगेऱ्यांकडे अजून कुणी पाहिलंच नव्हतं, ते कोणते होते हे आता कधीच कळणार नाही. याची बोच मला आहे. झऱ्याची बाजू आणि माथा मात्र राखून ठेवला. त्यात मुख्य वजन पाण्याचं होतं, खालच्या गावांचं पिणं त्यावर आहे. पण निकालाच्या कागदात आमच्या भुंगेऱ्याचंही नाव आहे, पाण्याच्या खाली दुसऱ्या ओळीत. मला ती जागा बरोबर वाटते.

मी आफ्रिकेतल्या किती जातींना नाव दिलं हे लोक विचारतात, मी सांगते. यातला एक तरी भुंगेरा मी जिवंत पाहिला होता का, हे कुणी विचारत नाही. आफ्रिकेत माझं कधी जाणंच झालं नाही. आधी नोकरी, मग शेती, मग गुडघे. माझ्याकडे आलेले सगळे वाळलेले, पाय दुमडलेले, टाचणीवरचे. त्यांचं मला दुःख होतं असं नाही. डॉक्टरला जसे रोगी तसे मला ते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी ग्रेसचा व्हिडिओ फोन आला. मी ओसरीवर आत्याबाईंजवळ शेंगा फोडत होते. पडद्यावर नुसती हिरवी पानं हलत होती आणि मागं झऱ्याचा आवाज येत होता. ग्रेस दिसत नव्हती, तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. चढून आली होती.

"मॅडम, पाहा," ती हळू आवाजात म्हणाली.

पान जवळ आलं. त्याच्या कडेवर एक भुंगेरा होता. काळे पट्टे मी ओळखले. पण पिवळा नव्हता तो. आमच्या वर्णनात मी स्वतः 'फिकट पिवळा' असं लिहिलं आहे. पडद्यावरचा भुंगेरा हिरवट सोन्याचा होता, ओल्या मुगासारखा, आणि उजेडात पाठ चमकत होती. मेल्यावर हा रंग उतरतो. टाचणीवर तो पोचतच नाही. त्यानं मिशा वर केल्या, एक खाली टेकवली, मग दुसरी, आणि पानाच्या कडेकडेनं निघाला.

आत्याबाईंनी शेंगा बाजूला सारल्या आणि माझ्या हातातला मोबाईल आपल्याकडं ओढला. इतकी वर्षं त्यांनी आमच्या घरात पेट्या येताना आणि जाताना पाहिल्या होत्या.

"अवं माय," त्या म्हणाल्या, "हा तं चालून राह्यला!"